पाठकोरं रक्त

दोह्यात आपली म्हातारी माणसं फारशी दिसत नाहीत. इथल्या घरांतली वडीलधारी माणसं दिसतात, दवाखान्यात, मोठ्या गाड्यांच्या मागच्या सीटवर, नातवंडांच्या घोळक्यात. पण आपल्याकडून आलेल्यांत बघावं तिकडे कामाच्या वयाची माणसं. मुशैरिबच्या चकचकीत गल्ल्यांत तीच, आमच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या किराणा दुकानातही तीच. साठी जवळ आली की नोकरी संपते, नोकरीबरोबर व्हिसा, आणि माणूस खोकी बांधून विमानात बसतो. त्याच्या खाटेवर पंचविशीतला दुसरा कुणी येऊन झोपतो. या शहराला माणसाचे गुडघे हवे असतात, गुडघेदुखी नको असते. हे वाक्य मी पहिल्या वर्षी इतक्यांदा बोलून दाखवलं की ऑफिसात लोक माझ्या शेजारी डबा उघडायला कचरायला लागले.

मग एका हिवाळ्यात हीच गोष्ट आमच्या कामाच्या आड आली. मी इथल्या एका प्रयोगशाळेत काम करते. आमचा विषय असा, की माणूस म्हातारा झाला म्हणजे त्याच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी आपल्या डीएनएची नक्कल कशी करतात आणि ती करताना कुठे अडखळतात. त्यासाठी तरुणांचं रक्त लागतं आणि म्हाताऱ्यांचंही. तरुण भराभर मिळाले, आणि त्यांतले बहुतेक आपलेच निघाले. आता त्यांच्या बरोबरीला तिकडचेच म्हातारे हवेत, नाहीतर तुलनेला अर्थ नाही, असं आमच्या प्रमुख मॅडमचं म्हणणं होतं. ते आणायचे कुठून? मुलांकडे दोन-तीन महिने राहायला आलेले आईवडील, एवढेच काय ते.

त्याच हिवाळ्यात माझे बाबा आले. आई गेल्यानंतर एवढे दिवस घर सोडायला ते पहिल्यांदाच तयार झाले होते. वय एकाहत्तर, अंगानं बारीक, बसले तरी पाठ ताठ. घरी येऊन बॅग उघडली तर शेंगदाण्याची चटणी, बाजरीचं पीठ, चार सदरे आणि तळाशी सुतळीनं बांधलेला पाठकोऱ्यांचा, एका अंगानं कोऱ्या राहिलेल्या जुन्या पत्रकांचा गठ्ठा.

‘हे कशाला आणलंत? इथे कागद मिळतो,’ मी म्हटलं.

‘कोऱ्या कागदावर मला सुचत नाही,’ बाबा म्हणाले.

तो गठ्ठा मी नाकाशी धरला. शाईचा वास कधीच उडून गेला होता, कागद पिवळे पडून कडांना चुरायला लागले होते, तरी मला तो वास आलाच.

मी पत्रकांवर वाढले. हे अलंकारिक नाही. नगर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं आणि बाहेरच्या खोलीत हातानं फिरवायचं सायक्लोस्टाइलचं यंत्र. गावात तोवर झेरॉक्सची दोन दुकानं झाली होती, पण बाबांनी बंद पडलेल्या एका शाळेतून ते यंत्र उचलून आणलं होतं आणि ते स्वतःच्या शाईवर ठाम होते. रेशनचं धान्य, विहिरीचं पाणी, बालविवाह, बुवाबाजी, सापाचं विष, लसी. विषय निघाला की पत्रक निघायचं. आईचं अक्षर सुंदर, म्हणून मेणाच्या कागदावर लोखंडी लेखणीनं मजकूर कोरायचं काम तिचं. बाबा हँडल फिरवायचे. ओले कागद दोरीवर वाळत घातलेले असायचे आणि पाहुणे त्यांच्या खालून वाकून आत यायचे.

मी दारात उभी. यंत्रातून निघालेला प्रत्येक कागद उजेडाकडे धरून बघायचा, हे माझं काम. मागून बाबांचा आवाज यायचा, ‘वाचता येतंय?’ मी म्हणायची, ‘येतंय.’ कधी म्हणायची, ‘नाही.’ नाही म्हटलं की तो कागद बाजूला. त्या बाजूला पडलेल्या कागदांच्या मागच्या कोऱ्या अंगावर मी सातवीपर्यंत सगळी गणितं केली. एका अंगाला भागाकार, दुसऱ्या अंगाला रेशनचा मोर्चा. वर्गातल्या मुली चिडवायच्या, ‘हिच्या वहीत घोषणा असतात.’ मला त्याचा अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो.

मेणाचा कागद किती टिकतो, हे त्या घरातल्या लहान मुलीलाही ठाऊक होतं. पहिल्या प्रती कुरकुरीत यायच्या. मग हळूहळू अक्षरांची पोटं सुटायची. ‘ठ’, ‘व’, ‘ब’ आणि शून्य, ज्यांच्या आत वाटोळं आहे ती अक्षरं आधी जायची. आतलं मेण निखळून पडलं की तिथे शाईचा गोळा. त्यानंतर ओळीच फाटायच्या. एकदा जुलाबाच्या साथीत साखर-मिठाच्या पाण्याचं पत्रक काढलं होतं. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. बरंच छापून झाल्यावर मी एक कागद उजेडाला धरला आणि म्हटलं, ‘बाबा, इथे अर्धा नाहीये.’ मेणाला चीर पडून ‘अर्धा’ हा शब्दच गेला होता. नुसताच ‘चमचा मीठ’ राहिला होता. पुढे एखादी आई अंदाजानं चमचे मारणार. बाबांनी हँडल सोडलं. दोरीवरचे सगळे कागद खाली काढले, एकेक पुन्हा बघायला लावला. संध्याकाळी आठवडे बाजार होता, लोक पत्रकाची वाट बघत होते. आई म्हणाली, ‘निदान आधीचे चांगले तरी पाठवा.’ बाबा म्हणाले, ‘आधी कुठपर्यंत चांगले, ते कळू दे.’ त्या संध्याकाळी बाजारात पत्रक गेलं नाही. त्या वेळचे पाठकोरे मला पुढे बरीच वर्षं पुरले.

दोह्यातल्या माझ्या छोट्या घरात, जेवणाच्या टेबलाशी, बाबांना माझं काम समजावून सांगताना हेच सगळं वर आलं. त्यांनीच विचारलं होतं, ‘म्हातारपणी ताप लवकर का उतरत नाही, ते तुमच्या शास्त्राच्या भाषेत नको, आपल्या भाषेत सांग.’

मी सांगितलं ते साधारण असं. रक्तात लढणाऱ्या पेशी असतात, त्यांतल्या काहींना आम्ही टी पेशी म्हणतो. प्रत्येकीला एकेकच शत्रू ओळखता येतो. तो शत्रू अंगात शिरला की ती पेशी जागी होते. पण एकटी ती काय लढणार? तिला भराभर आपल्यासारख्या हजारो करायच्या असतात. एकीच्या दोन, दोघींच्या चार. आणि दरवेळी आपला सगळा डीएनए, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नकलून काढायचा. तो इतका लांब, की एका टोकापासून सुरुवात केली तर जन्म जाईल. म्हणून अनेक ठिकाणी एकदम सुरुवात होते. तरुण पेशीत हे झपाट्यानं होतं. म्हाताऱ्या पेशीत नक्कल करणारी यंत्रणा वाटेत अडते, धागा तुटतो, दुरुस्ती मागे पडते. सुरुवातीच्या जागाच कमी पडतात का, अडलेली यंत्रणा पुन्हा का चालू होत नाही, हे आम्ही शोधत होतो.

‘मग नव्या पेशी का नाही करत शरीर?’ बाबांनी विचारलं.

‘छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते, या पेशी तिथे तयार होऊन निघतात. तरुणपणीच ती सुकत जाते. मग आहेत त्याच पेशी प्रतीवरून प्रत काढत राहतात.’

बाबांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. ‘म्हणजे नवं मेण कोरणं बंद.’

‘जवळपास.’

‘आणि जिला चीर पडली, ती पेशी?’

‘पुष्कळदा ती थांबते. नक्कल करणंच बंद करते. चुकीची प्रत बाहेर जाऊ नये म्हणून.’

‘शहाणी आहे,’ बाबा म्हणाले आणि जेवायला लागले.

त्यांना आमच्या अडचणीबद्दल कळलं ते त्याच जेवणात. म्हातारे मिळत नाहीत, हे ऐकून ते इतक्या झटकन माझ्याकडे वळले, की मला त्यांचा चेहरा आजही तसाच आठवतो. त्यामागे एक दुखणं होतं. आमच्या गावी दर वर्षी रक्तदानाचं शिबिर व्हायचं, बाबा पहिल्या रांगेत असायचे, शिबिराची पत्रकंही तेच काढायचे. पासष्टी उलटल्यावर एका वर्षी तिथल्या पोरानं त्यांना नियम सांगितला, खुर्ची दिली आणि म्हणाला, ‘आजोबा, तुम्ही आता निवांत बसा. बिस्किट खा.’ रक्त न देता मिळालेलं ते बिस्किट बाबांनी खाल्लं नाही. खिशातून घरी आणून आईसमोर ठेवलं. त्यानंतर ते शिबिराला गेले नाहीत.

‘इथे म्हातारं रक्तच हवंय?’ त्यांनी पुन्हा विचारलं.

‘हो. पण निरोगी म्हाताऱ्याचं.’

‘मी निरोगी आहे,’ बाबा म्हणाले. ‘यल्ला, चला.’ हा शब्द ते आमच्या इमारतीखालच्या स्कूलबसच्या ड्रायव्हरकडून शिकले होते.

एवढं सोपं मात्र झालं नाही. संमतीचा फॉर्म इंग्रजीत आणि अरबीत होता. बाबांना इंग्रजी उत्तम वाचता येतं, तरी त्यांनी सही केली नाही. ‘मला कळलं. पण बागेतल्या त्या बाईंना कळेल का?’ संध्याकाळी आमच्याकडच्या बागेत आपल्याकडचे चार-पाच आईवडील बसायचे, त्यांच्यासाठी हे भांडण. बाबांनी दोन दिवस बसून पाठकोऱ्यांवर सगळा फॉर्म मराठीत उतरवला. ‘रक्त कशासाठी घेतलं जाईल. तुमचं नाव नळीवर नसेल, खूण असेल. तुम्ही केव्हाही नाही म्हणू शकता. रक्त दिल्यापासून तीन आठवड्यांत कोणताही आजार झाला तर आम्हाला कळवा, म्हणजे तुमचा नमुना बाजूला ठेवता येईल.’ मी तो टाइप करून, अशा अभ्यासांना परवानगी देणाऱ्या आमच्या समितीकडे घेऊन गेले. तिथल्या बाई आपल्याच, उत्तरेकडच्या. त्या म्हणाल्या, ‘हिंदी करून घेऊ ना, हिंदी सगळ्यांना येते.’

‘सगळ्यांना हिंदीत भाजी घेता येते मॅडम,’ मी म्हटलं, ‘रक्त देता येत नाही.’

त्यांना राग आला. मलाही आला होता. पण पुढच्या बैठकीत मराठी फॉर्म मंजूर झाला आणि बागेतली तीन माणसं आमच्याकडे आली. तिघांनी तो मोठ्यानं वाचून, शंका विचारून मग सही केली.

रक्त काढायला वसईची सिस्टर होती. पंधरा वर्षं इथे, सगळ्यांची थट्टा करणारी, नस एका फटक्यात शोधणारी. बाबांनी तिला खुर्चीत बसल्या बसल्या साठीला व्हिसा संपण्यावर भाषण सुरू केलं.

‘अंकल, भाषण नको, मूठ हवी,’ ती म्हणाली. ‘मोर्चात आवळता ना, तशी आवळा. शाब्बास. अहो, वर नाही करायची!’

बाबा हसले. नळ्या भरल्या. सिस्टरनं ज्यूसचा डबा आणि बिस्किटाचा पुडा पुढे केला. बाबांनी पुडा फोडला आणि एकेक करून सगळी बिस्किटं खाल्ली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

वडिलांची नळी मी हाताळणार नाही, असं मी मॅडमना आधीच सांगून ठेवलं होतं. ते काम दुसऱ्या सहकाऱ्याकडे गेलं. नळीवर खूण चिकटवली, पेशी वेगळ्या केल्या, काही लगेच कामाला लावल्या, उरलेल्या गोठवून ठेवल्या. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, ‘लागलं का कामाला?’ मी म्हणायची, ‘कुठली नळी तुमची, मलाच माहीत नाही.’ हे त्यांना फार आवडायचं. ‘बरोबर आहे,’ म्हणायचे, ‘पत्रकावर छापणाऱ्याचं नाव कशाला?’

पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, मी मशीनला कपडे लावत होते. बाबांच्या बनियनवर उजव्या बरगडीखाली तांबडा डाग दिसला. रक्तच वाटलं. पण बोटानं चोळलं तर माती सुटली. वास घेतला. काव. आपल्याकडे तुळशीच्या कट्ट्याला लावतात ती गेरूची काव, दोह्यात, माझ्या बाबांच्या बनियनवर.

क्षणभर मला काही उमगेना. मग उमगलं आणि मी जिना उतरून खाली गेले.

इमारतीच्या सावलीत, बंद स्कूलबसच्या पायरीवर, बाबा आणि ड्रायव्हर चहा पीत बसले होते. ड्रायव्हर बीडकडचा, चाळिशीचा, मागच्या खोलीत आणखी तिघांबरोबर राहणारा. घरची माणसं तिकडे, म्हणून बाबांवर त्याचा जीव.

‘सदरा वर करा,’ मी म्हटलं.

‘इथे रस्त्यात?’ बाबा म्हणाले.

‘करा.’

त्यांनी केला. बरगडीखालून पाठीकडे गेलेला पट्टा, काव वाळून तडकलेली, तिच्याखाली पाण्यानं भरलेले फोड.

‘नागीण,’ ड्रायव्हर अदबीनं म्हणाला. ‘ताई, घाबरू नका. काव लावलीय मी. माझ्या भावजीला झालती, उतरली ना चार दिसात. फकस्त तोंड आन् शेपूट भिडू द्यायचं न्हाई कंबरंभवती. भिडलं की खलास.’

आपल्याकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं. नागीण कमरेला वेढा घालते, तोंडाला शेपूट मिळालं की माणूस जातो. म्हणून काव लावायची, मंत्र घालायचा, डॉक्टरकडे जायचं नाही. आणि याच समजुतीविरुद्ध आमच्या घरातून एक पत्रक निघालं होतं. ‘नागीण हा साप नव्हे.’ ते उजेडाला मी धरलेलं. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत वर्षानुवर्षं झोपून राहतो, अंगाची राखण सैल पडली की उठतो, आणि पहिल्या तीन दिवसांत डॉक्टर गाठला तर औषध लागू पडतं, असं त्यात आईच्या अक्षरात लिहिलं होतं.

‘तुम्ही?’ मी ओरडले. ‘तुम्ही काव लावलीत? गावोगाव ज्यांनी...’

‘थंड वाटतं गं. बाकी काही नाही,’ बाबा म्हणाले. ‘माझा मंत्रावर विश्वास नाही.’

‘मंतर मी मनात घातला,’ ड्रायव्हर म्हणाला. ‘काकांना सांगितलं न्हाई.’

बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं, की मला एवढ्या रागातही हसू फुटलं. ड्रायव्हरनं संधी साधली. ‘ताई, आता काकांनीच पत्रक काढायचं बगा. गेरूचे फायदे!’

‘कधी उठली?’ मी विचारलं.

‘परवा. आधी दोन दिवस नुसतं दुखत होतं.’

‘आणि मला सांगितलं नाहीत?’

बाबांनी चहाचा कप पायरीवर ठेवला. ‘सांगितलं असतं तर नमुना बाजूला ठेवला असता तुम्ही.’

मग मला कळलं की हे अज्ञान नव्हतं. आपल्याच पत्रकातलं प्रत्येक वाक्य पाठ असलेल्या माणसानं, एवढ्या वर्षांनी कुणीतरी मागून घेतलेलं आपलं रक्त परत येऊ नये म्हणून, जळजळ सदऱ्याखाली दाबून ठेवली होती.

आम्ही लगेच दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. उशीर झाला असता तर दुखणं महिनोन्‌महिने मागे लागलं असतं. त्यांनी काव पुसायला लावली आणि गोळ्या दिल्या. परतताना टॅक्सीत बाबांनी गोळ्यांबरोबरचा कागद वाचून काढला. घरी आल्यावर म्हणाले, ‘रक्त दिलं त्या दिवशी मी ठणठणीत होतो.’

‘फोड नव्हते, एवढंच,’ मी म्हटलं. ‘विषाणू आधीपासून हलायला लागलेला असतो. तुमच्या पेशी तेव्हाच जाग्या होऊन नकला काढायला लागल्या असतील. आम्ही त्या निवांत बसलेल्या निरोगी म्हाताऱ्याच्या म्हणून मोजणार. मग जी अडखळ दिसेल ती वयाची की नागिणीची, कसं सांगायचं?’

‘एका माणसानं काय फरक पडतो?’

‘तीन-चार तर मिळालेत आपल्याकडचे. आणि फरक पडो न पडो...’

मी थांबले. पुढचं वाक्य त्या साखर-मिठाच्या पत्रकाच्या दिवसापासून त्यांचंच होतं, मी ते त्यांना ऐकवणं बरं दिसलं नसतं. बाबा खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली ड्रायव्हर बसच्या काचा पुसत होता. शनिवारभर ते गोळ्या घेऊन पडून होते, मी विषय काढला नाही. मीच सकाळी जाऊन सांगणार होते, त्यांनी काहीही म्हटलं तरी. हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे, हे मला.

इथे आठवडा रविवारी सुरू होतो. त्या सकाळी मी कामाला निघाले तेव्हा ते सदरा घालून दारात उभे. ‘चल. हे मी सांगायचं आहे.’

फोड अजून ओले होते, कुणाला लागण होऊ नये म्हणून त्यांनी कमरेला स्वच्छ पट्टी बांधली होती. प्रयोगशाळेच्या बाहेरच्या खोलीत सिस्टर बसली होती, तिच्यापासून अंतर ठेवून उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. कावेसकट.

‘अंकल, गप्प बसला असता तर कोणाला कळणार होतं?’ सिस्टर म्हणाली.

‘तुमचा फॉर्म मराठीत मी लिहिलाय सिस्टर. वाचला नव्हता, असं म्हणायची माझी सोय नाही.’

सिस्टर हसली नाही. ती आत गेली, मॅडमना घेऊन आली. मॅडमनी बाबांना इंग्रजीत ‘थँक यू’ म्हटलं आणि आपण तुमचा नमुना अभ्यासातून काढतो आहोत, असं समजावून सांगितलं. बाबांनी मान डोलावली. मग विचारलं, ‘त्याचं काय करता?’

‘नष्ट करतो,’ मॅडम म्हणाल्या.

शिबिरातून बिस्किट आणलं होतं तेव्हाचा चेहरा मी पुन्हा पाहिला. पण क्षणभरच. बाबा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, ‘त्यांना विचार, पाठकोरा म्हणून चालेल का?’

मॅडमना मी ‘पाठकोरा’ समजावून सांगितला. लहानपण, यंत्र, बिघडलेली पत्रकं, मागच्या बाजूची गणितं. मॅडमनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, आपल्याकडे नवी पद्धत सुरू करायची आहे, त्यात हात बसवायला पेशी लागतीलच. निकालात त्या धरायच्या नाहीत, पण सरावाला चालतील. त्यासाठी वेगळी संमती हवी. बाबांनी ती तिथेच पाठकोऱ्यावर मराठीत लिहून दिली, मी खाली इंग्रजी केलं, आणि मग नियमाप्रमाणे छापील कागदावर सही झाली. जाताना सिस्टरनं लांबूनच बिस्किटाचा पुडा टेबलावर सरकवला. ‘घ्या अंकल. तुमचा हक्क आहे.’

नागीण उतरली. मंत्रानं, असं ड्रायव्हरचं आजही म्हणणं आहे. व्हिसाची मुदत संपायच्या आधी बाबा निघाले. विमानतळावर त्यांना सोडायला तोच आला होता. ‘काका, पुढच्या साली या, इन्शाल्ला,’ म्हणाला. बाबा म्हणाले, ‘तू ये माझ्याकडे. तुझ्या मंत्रावर पत्रक काढायचंय.’ दोघे किती तरी वेळ हसत होते.

बाबा गेल्यावर घर मोठं वाटायला लागलं. टेबलावर पाठकोऱ्यांचा गठ्ठा ते मुद्दाम ठेवून गेले होते. दुपारी ऑफिसातून लवकर आले की मी त्यातला एक कागद काढून उजेडाला धरते, मागच्या बाजूचं वाचते. आईचा ‘ठ’ बघते. पोट सुटलेला.

नव्या पद्धतीचं काम मी सुरू केलं ते उन्हं तापायला लागल्यावर. पेशी जाग्या करायच्या, त्या नकला काढायला लागल्या की आधी एक रंग द्यायचा, मग दुसरा. मग डीएनएचे धागे काचेवर ताणून पसरायचे. सूक्ष्मदर्शकात ताजी नक्कल रेघांसारखी दिसते, आधी तांबडी, तिला लागून हिरवी. जिथे नक्कल वाटेत थांबली, तिथे तांबडी रेघ असते आणि हिरवी येतच नाही. पहिल्या कित्येक काचा मी बिघडवल्या. धागे गुंतले, रंग फिके आले. सरावाच्या नळीवर बाबांचीच खूण आहे, हे या वेळी मला माहीत होतं, आणि त्यामुळे हात थोडा जपूनच चालायचा.

एका दुपारी काच नीट जमली. काळ्या पटावर रेघा स्वच्छ उमटल्या होत्या. बऱ्याच लांब, तांबडीला हिरवी जोडलेल्या. काही तोकड्या. काही नुसत्याच तांबड्या, मध्येच थांबलेल्या. यातून काही सिद्ध होत नाही; हा सराव होता, आणि एका माणसाच्या पेशींवरून कुणी काही सांगूही नये. तरी मी मॅडमची परवानगी काढून बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पडद्यासमोर धरला.

बाबांनी चष्मा चढवला. त्यांच्या मागे बाहेरच्या खोलीची भिंत दिसत होती, यंत्र झाकून ठेवलेलं.

‘हे माझं?’

‘तुमचं.’

त्यांनी बोटानं फोनवर काहीतरी दाखवलं, मला दिसलं नाही. ‘ही जी मध्येच थांबली आहे, ती?’

‘ती थांबली.’

‘हं. आणि बाकीचं? वाचता येतंय?’

मी पडद्याकडे वळले. रेघा पुन्हा एकदा, वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून, सावकाश पाहिल्या.

‘येतंय,’ मी म्हटलं.